समोर वाजतो तेव्हा पाय थांबत नाहीत, घरी रेकॉर्ड लावली की कंटाळा येतो: स्विंग आणि जंप ब्लूज बँडचं नेमकं काय आहे?

प्रश्न विचारणारे मूळचे नाशिकचे, सध्या शिकागोजवळ राहतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की उन्हाळ्यात पार्कातल्या एका फुकट कार्यक्रमात सात जणांचा बँड ऐकला, टोप्या, सस्पेंडर, दोन रंगांचे बूट, गाणी सगळी 1940 च्या आसपासची, आणि लग्नाच्या वरातीतही कधी न नाचलेला हा माणूस दीड तास पाय हलवत उभा. घरी येऊन त्याच गाण्यांची जुनी रेकॉर्डिंग लावली तर दहा मिनिटांत कंटाळा. मग ती सगळी कपड्यांची आणि संध्याकाळच्या हवेची जादू होती का? आणि आज पंचविशीत असलेली पोरं कसल्या आठवणीने या गाण्यांवर नाचतात?

मी टेनर सॅक्सोफोन वाजवतो. नोकरी वेगळी आहे, पण उत्तर इंग्लंडमध्ये 19 वर्षं सात जणांच्या जंप ब्लूज बँडमध्ये आहे (जंप ब्लूज म्हणजे 1940 च्या दशकातलं, छोट्या बँडने वाजवायचं नाचाचं अमेरिकन संगीत), वर्षाला साधारण चाळीसेक कार्यक्रम होतात, लग्नं, गावचे हॉल, डान्स क्लबच्या रात्री. त्यामुळे जे सांगतोय ते स्टेजवरून दिसलेलं आहे.

शेवटच्या उपप्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण ते सोपं आहे. आठवण वगैरे काही नाही. आमच्यासमोर नाचणाऱ्यांपैकी निम्म्यांचे आईवडीलसुद्धा त्या काळात जन्मलेले नव्हते. ज्याचा अनुभवच नाही त्याची हुरहूर दहा मिनिटं टिकेल, तीन तास कोणी घामाघूम होऊन नाचणार नाही. तुमचा खरा प्रश्न मला वेगळा वाटतो: एकच संगीत समोर असताना जिवंत आणि कानात घातलं की निर्जीव, असं का?

माझं उत्तर असं की हे संगीत नाचणाऱ्यांच्या पावलांसाठी बांधलेलं आहे, ती पावलं काढून घेतलीत की अर्धं गाणंच गेलं. लावणीचं बघा ना. नुसती ढोलकी ऑडिओवर ऐकलीत तर छान वाजवलंय म्हणाल, पण ढोलकीवाला आणि नाचणारी समोरासमोर असताना जे होतं ते त्या ऑडिओत येतच नाही, कारण तो वाजवतानाच तिच्या पायाकडे बघत असतो.

आता यातही बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आधी कबूल करतो. ड्रमर कसा आहे, साउंडवाल्याने बास किती दिलाय, नाचायला जागा आहे की खुर्च्या मांडल्यात, हे सगळं जुळावं लागतं. तेच गाणं तोच बँड खुर्च्यांच्या सभागृहात वाजवेल तर निम्मा रंग जातो, हे मी कितीतरी वेळा अनुभवलंय. आणि काही बँड खरोखरच नुसते कपड्यांवर चालतात, तेही आहेत. तुम्ही ऐकलेला बँड तसला नव्हता हे तुमच्या पायांनीच सांगितलंय.

हे असं का घडलं ते समजायला थोडं मागे जावं लागेल. 1930 च्या दशकात स्विंग म्हणजे नाचायचं जॅझ, आणि ते वाजवणारे मोठे बँड, पंधरा-सतरा माणसं. न्यूयॉर्कच्या हार्लेममधला सॅव्हॉय बॉलरूम 1926 साली सुरू झाला, तिथे दोन स्टेज होती, एक बँड थांबला की दुसरा उचलायचा, संगीत बंद पडायचंच नाही. चिक वेब तिथला ड्रमर आणि बँडलीडर. काळे-गोरे एकाच फ्लोअरवर नाचायचे, जे त्या काळच्या अमेरिकेत फार थोड्या ठिकाणी होतं. लिंडी हॉप हा नाच तिथेच वाढला. तिथले नाचणारे आणि वाजवणारे एकमेकांना ओळखायचे, नाचणाऱ्याने काही नवीन केलं की ड्रमर त्याला फटका देऊन उचलून धरायचा. म्हणजे बँडने फ्लोअरकडे बघत वाजवायचं ही सवय पहिल्यापासूनची.

याच वेबच्या बँडमध्ये लुई जॉर्डन नावाचा आर्कान्सामधून आलेला एक अल्टो सॅक्सवाला होता. 1938 साली त्याने स्वतःचा छोटा बँड काढला, टिम्पनी फाइव्ह, नावात पाच पण माणसं बहुतेक वेळा जास्तच. पुढे युद्ध आलं. पेट्रोल आणि टायर रेशनवर, वाजवणारे सैन्यात, सतरा माणसांची बस गावोगाव फिरवणं परवडेना. 1942 च्या ऑगस्टपासून वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंगवर बंदी घातली, सगळ्या मोठ्या कंपन्यांशी तडजोड व्हायला 1944 चा नोव्हेंबर उजाडला. त्यात 1944 साली जिथे गाणं किंवा नाच आहे अशा जागांच्या बिलावर 30 टक्के कर लागला, त्याच वर्षी तो 20 वर आणला तरी कंबर मोडायची ती मोडलीच. मोठे बँड एकेक करून बंद पडायला लागले, आणि जॉर्डनसारखे पाच-सात जणांचे बँड उरले, ज्यांना तोच हॉल, तेवढेच नाचणारे, तेवढ्याच जोरात हलवायचे होते पण निम्म्याहून कमी माणसांत.

जंप ब्लूज ते हेच. सतरा जणांचं काम सात जणांनी करायचं तर एकही वादक शोभेपुरता ठेवता येत नाही, सगळे कामाला लागतात, आणि मला या संगीताचं सगळ्यात जास्त आकर्षण तिथेच वाटतं. पियानोवाल्याचा डावा हात बूगी-वूगी चालवतोय म्हणजे तो अर्धा बासवाला झाला. ड्रमर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठोसा देतो, मोठ्या स्विंग बँडपेक्षा बराच जड. हॉर्न म्हणजे फुंकायची वाद्यं तीनच असतात, आमच्याकडे ट्रंपेट, टेनर आणि बॅरिटोन सॅक्सोफोन, मग कॉर्डमधला (एकत्र वाजणाऱ्या सुरांतला) मूळ सूर बासवर सोडून द्यायचा आणि तिघांनी फक्त रंग देणारे सूर धरायचे, म्हणजे ऐकणाऱ्याला पाच-सहा जण वाजवताहेत असा भास होतो. यात सूर एकत्र सुरू करण्यापेक्षा एकत्र सोडणं जास्त अवघड आणि जास्त महत्त्वाचं आहे. तिघांनी एकाच क्षणी सूर कापला की जी रिकामी जागा पडते ना, नाचणाऱ्याचं पाऊल तिथे पडतं. नवीन पोरं बँडमध्ये आली की मी महिनाभर त्यांच्याकडून हेच करून घेतो.

मग हे सगळं चालतं कशावर? बहुतेक गाणी 12 बारची, बारला चार मात्रा, म्हणजे 48 मात्रांचं एक वर्तुळ, ज्याला आम्ही कोरस म्हणतो. मिनिटाला 160 मात्रांच्या लयीत ते बरोबर 18 सेकंदांत पूर्ण होतं. आपल्याकडे ज्यांनी थोडंफार शास्त्रीय ऐकलंय त्यांना हे लगेच कळेल, हे आवर्तन आहे, आणि पुढच्या कोरसची पहिली मात्रा म्हणजे सम. शेवटच्या चार बारमध्ये कॉर्ड अशा बदलतात की घरी यायची ओढ लागते. तुम्हाला संगीतातलं काहीही कळत नसलं तरी तिसऱ्या कोरसपर्यंत शरीराला कळलेलं असतं की आता येणार. दर 18 सेकंदांनी कोणीतरी तुम्हाला घरी आणून सोडतंय, आणि दर वेळी थोड्या वेगळ्या वाटेने. दीड तास पाय का हलत होते याचं निम्मं उत्तर इथे आहे.

उरलेलं निम्मं म्हणजे तो झोल, लयीचं डुलणं, ज्यावरून या प्रकाराला स्विंग हे नाव पडलं. एका मात्रेचे दोन भाग केले तर ते सारखे नसतात, पहिला लांब, दुसरा आखूड. किती लांब? पुस्तकात दोनास एक असं लिहिलेलं असतं पण ते तसं राहत नाही. संथ गाण्यात पहिला भाग खूप ओढला जातो, लय चढली की दोन्ही भाग जवळजवळ सारखे होत जातात. हे लिहून देता येत नाही. तबल्यावर केरवा धरणारा चांगला माणूस बोल तेच वाजवतो पण चाल डुलती ठेवतो, तुम्ही बोल वहीत उतरवून घेतलेत तरी डुलणं वहीत येत नाही, तसंच. आमच्या बँडमध्ये सात जणांचा झोल एक व्हायला मला वाटतं तीन वर्षं लागली. तोवर आम्ही बरोबर वाजवत होतो पण लोक नुसते ऐकत होते.

आणि एक गोष्ट तुम्हाला परकी वाटली नसणार, हॉर्न्सनी एक तुकडा टाकायचा, गाणाऱ्याने उत्तर द्यायचं, मग लोकांनी ओरडायचं. ही सवय अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधून आणि शेतावरच्या कामाच्या गाण्यांतून आलेली. वारकरी भजनात पुढचा एक चरण म्हणतो, टाळकरी उचलतात, आणि हळूहळू सगळा घोळका त्यात ओढला जातो. दोन्हींचा एकमेकांशी संबंध काही नाही पण माणसाला आत घ्यायची पद्धत तीच. त्यात ऐकणारा आणि करणारा असा भेद फार वेळ टिकत नाही.

आता माझा एक अनुभव सांगतो कारण पावलांसाठी बांधलेलं म्हणजे काय ते मला त्या रात्री समजलं. बँडचं दुसरं वर्ष. एका गावच्या हॉलमध्ये नाचाची रात्र होती, शंभरेक लोक, सगळे नाचणारे. आम्ही तयारीने गेलो होतो, पहिलंच गाणं मिनिटाला 220 मात्रांवर सुटलं, दुसरं तसंच, चौथ्या गाण्याला फ्लोअरवर तीन जोड्या उरल्या होत्या आणि आम्ही आणखी जोर लावत होतो. मध्यंतरात नाच शिकवणाऱ्या एक बाई आल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या की तुम्ही फार छान वाजवता, पण या हॉलमध्ये या वेगाला नाचू शकणारी सहा माणसं आहेत. त्या रात्री उरलेला सेट आम्ही 140 च्या आसपास ठेवला. हॉल भरला. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आम्हीच चांगले वाजवायला लागलो, कारण हळू लयीत झोलाला जागा मिळते.

तेव्हापासून आमच्या सेट लिस्टवर प्रत्येक गाण्यापुढे आकडा लिहिलेला असतो. सुरुवात 130 ते 160, मधे एखादं 200 च्या वर ज्यांना जमतं त्यांच्यासाठी, त्यानंतर लगेच 100 च्या खालचं एक ब्लूज म्हणजे लोक श्वास घेतील. आणि कोरस किती वाजवायचे ते कागदावर नसतं, ते फ्लोअर बघून ठरतं. गाणं रंगलं असेल तर मी बोटाने खूण करतो, हॉर्न्स थांबतात, नुसता बास आणि झांजेची कुजबुज उरते, एक पूर्ण कोरस तसाच, नाचणारे लहान लहान पावलं टाकायला लागतात, आणि पुढच्या समेला सगळे एकदम आत येतो. तेव्हा हॉलमधून जो आवाज उठतो तो ऐकण्यासाठी मी 19 वर्षं शनिवार-रविवार घरी नसतो.

आता तुमच्या घरच्या ऐकण्याकडे येऊ. तुम्ही जे लावलंत ते बहुधा मूळ 78 च्या (मिनिटाला 78 फेरे फिरणाऱ्या) तबकडीवरून घेतलेलं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची, म्हणजे 160 च्या लयीत दहा कोरस, त्यात ओळख, गाणं, सोलो, शेवट सगळं. प्रत्यक्षात हॉलमध्ये तेच गाणं कितीतरी लांब चालायचं. दुसरं असं की त्या रेकॉर्डिंगमध्ये खालचा आवाज पातळ आहे, आणि डबल बासची सगळ्यात खालची तार 41 हर्ट्झची, फोनचा स्पीकर तर तिथवर पोचतच नाही. म्हणजे पार्कात ज्या गोष्टीने तुमचे पाय हलवले नेमकी तीच गाळून तुम्ही गाणं ऐकलंत. आणि तिसरं, तुम्ही बसून ऐकलंत.

कपड्यांचं विचारलंत म्हणून तेही सांगतो. 1990 च्या दशकात अमेरिकेत या संगीताची मोठी लाट आली होती, रॉयल क्राउन रेव्ह्यू, बिग बॅड वूडू डॅडी, ब्रायन सेट्झरचा ऑर्केस्ट्रा. 1998 साली गॅप कंपनीची खाकी पँटची एक जाहिरात टीव्हीवर आली, त्यात नाचणारी पोरं, आणि मग सगळीकडे टोप्याच टोप्या. त्यातले बरेच वादक पंक आणि स्काच्या (जमैकातून आलेलं उडतं संगीत) बँडमधून आले होते, त्यांच्याकडे ताकद होती, आणि त्यांनी लाखो लोकांना या संगीताकडे आणलं हे उपकार आहेत. पण दोन-तीन वर्षांत लाट ओसरली. माझ्या मते कारण असं की बरेच जण सूट आणि मार्टिनी इथवर थांबले, झोल शिकायला थांबले नाहीत. जे टिकलं ते नाचणाऱ्यांमुळे टिकलं. फ्रँकी मॅनिंग हा सॅव्हॉयचा नाचणारा, नंतर कित्येक वर्षं पोस्टात नोकरी करत होता, 1980 च्या दशकात तरुण मुलं त्याला शोधत गेली आणि तो पुन्हा शिकवायला लागला, 2009 साली वयाच्या 94 व्या वर्षी गेला तोवर जगभर शिकवत होता. आज स्वीडनपासून कोरियापर्यंत लिंडी हॉप नाचणारे आहेत, त्यांना चांगले बँड लागतात, म्हणून बँड आहेत.

मला एक गोष्ट फार मनापासून सांगाविशी वाटते. हे आनंदी संगीत आहे म्हणून हलकं समजू नका. हे वाजवणाऱ्यांना दक्षिणेत दौऱ्यावर हॉटेलात खोली मिळायची नाही, मागच्या दाराने आत यावं लागायचं, आणि तीच माणसं स्टेजवर इस्त्रीच्या सुटात उभी राहून समोरच्यांची रात्र सोन्याची करायची. जॉर्डन तालमीच्या बाबतीत फार कडक होता. आम्ही आज सूट घालतो तेव्हा तरुण पोरांना हे सांगून घालतो. नाहीतर ते खरंच फॅन्सी ड्रेस होतं.

आपला म्हणजे मुंबईचा याच्याशी जुना आणि खरा संबंध आहे. 1935 साली लिऑन ॲबी आपला काळ्या वादकांचा बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला, त्यानंतर इतर आले, आणि गोव्याचे वादक त्यांच्याकडून शिकले, काही त्यांच्याबरोबर वाजवू लागले. चिक चॉकलेट हे त्यांतले सगळ्यात नावाजलेले ट्रंपेटवाले, मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ, गाव हळदोणे. पुढे मुंबईत दारूबंदी आली, नाइट क्लबची कामं आटली, तिकडे सिनेमाला मोठ्या वाद्यवृंदाची गरज होती, त्यामुळे यातले बरेच वादक स्टुडिओत गेले. आणि तिथे पुणतांब्याचे सी. रामचंद्र होते, ज्यांना हे संगीत मनापासून आवडायचं. 1951 चा ‘अलबेला’ आणि 1957 चा ‘आशा’, यांतली उडती गाणी एकदा नुसत्या ब्रासकडे (ट्रंपेट-ट्रॉम्बोनसारखी पितळी वाद्यं) लक्ष देऊन ऐका, आणि ‘अलबेला’त भगवानदादांचे पाय बघा. मी ज्या सरांकडे माहीमला क्लॅरिनेट शिकलो ते अशाच स्टुडिओत आयुष्य काढलेले गोवेकर. मी पहिल्यांदा जॉर्डन ऐकला तेव्हा मला नवीन काहीच वाटलं नाही, सरांच्या खोलीतलं वाटलं. तुमचे पायही कदाचित म्हणूनच इतक्या लवकर हलले, लहानपणी रेडिओवर ऐकलेलं कुठेतरी असतंच.

ऐकायचं काय, तर जुन्या तबकड्या सोडू नका, क्रम बदला. आधी जॉर्डनची 1945-46 ची गाणी, चांगल्या स्पीकरवर, उभं राहून, स्वयंपाक करताना लावा. मग काउंट बेसीचा 1930 च्या दशकाच्या शेवटचा बँड, तिथे फ्रेडी ग्रीनची गिटार शोधा, ती कानाला जवळजवळ ऐकू येत नाही पण सगळा बँड तिच्यावर उभा आहे. लायनेल हॅम्प्टनच्या 1942 च्या ‘फ्लाइंग होम’मध्ये इलिनॉय जॅकेचा टेनर सोलो आहे, तेव्हा तो 19 वर्षांचा होता, आमच्या वाद्यावर पुढे जे काही ओरडणं-गुरगुरणं आलं त्यातलं बरंचसं तिथून निघालं. मग गायक बिग जो टर्नर. नव्यांपैकी रूमफुल ऑफ ब्लूज, ऱ्होड आयलंडचा बँड, 1967 पासून चालू आहे. एक तपशील जाता जाता: जॉर्डनची रेकॉर्डिंग करणारा मिल्ट गेब्लर यानेच 1954 साली बिल हेलीचं रॉक अँड रोल रेकॉर्ड केलं, त्यामुळे पुढचं कुठे गेलं हे तुमचं तुम्हाला ऐकू येईल.

आणि पुढच्या वेळी बँड आला की स्पीकरसमोर उभे राहू नका, ड्रमरच्या बाजूला या. पहिलं गाणं फक्त बासवाल्याच्या उजव्या हाताकडे बघा. दुसऱ्या गाण्याला टाळ्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, आपली सवय पहिल्या-तिसऱ्यावर द्यायची असते, त्याने ड्रमरचा झोल मोडतो. तिसऱ्याला फ्लोअरवर जा. नाचाच्या रात्री आधी बहुतेक ठिकाणी नवशिक्यांचा तासभराचा क्लास असतो, जोडीदार न्यावा लागत नाही, अनोळखी माणसाला विचारायचं, एक-दोन गाणी नाचायचं, थँक्यू म्हणायचं, तिथे हे कोणालाही वावगं वाटत नाही. सहा मात्रांची साधी स्टेप अर्ध्या तासात येते. 12 बारचं गाणं असेल तर ती न घाबरता आठ वेळा करा, सहा आठे 48, बँड आणि तुम्ही एकदमच समेवर याल.